सातवीच्या मुलांना हाडं कशी वाढतात हे करून कसं दाखवावं? त्यासाठी प्लास्टिकचा सांगाडा घ्यावा का?

सांगाडा घेऊ नका. तो मोठ्या माणसाचा असतो, वाढ केव्हाच थांबलेली. मुलं 206 हा आकडा पाठ करतात आणि विषय मिटतो.

मी सोलापुरात, पूर्व भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा वर्गाला विचारलं, पायाचं हाड लांब होतं ते कुठून? निम्मा वर्ग म्हणाला, रबरासारखं सगळीकडून ताणलं जातं. मग स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला, त्याच्या 1727 च्या पुस्तकातला. त्याने कोंबडीच्या पिल्लाच्या नळीला, म्हणजे पायाच्या लांब हाडाला, दोन भोकं पाडली. दोन महिन्यांनी बघतो तर हाड वाढलेलं, पण भोकांमधलं अंतर तेवढंच! मग वाढलं कुठून? कुणी बोलेना.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. कोवळ्या बकऱ्याच्या नळ्या अख्ख्या आणल्या होत्या ("सर, तोडून देतो की," मटणवाला तीनदा म्हणाला). कुकरला भरपूर शिट्ट्या दिल्या, घासून धुतल्या. कोवळ्या नळीचं टोक असं उकडलं की टोपणासारखं सुटून हातात येतं. आतली बाजू गुळगुळीत नसते, बारीक उंचवटे आणि खळगे असतात. मधली कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक भागाची, चकती शिजून गेलेली असते. वाढीची जागा तीच. तिथे नवी कूर्चा होत राहते आणि नळीकडच्या बाजूने तिचं हाड बनत जातं. थोराड जनावराचं टोक कितीही उकडा, हलत नाही.

घरी माग असलेला एक पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, कापडासारखंच की! विणलेलं लांबत नाही, फणीपाशी नवीन भरत जातं." इतकं नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

तेवढ्यात हेडसर दारात. "शाळेत हाडकं?" एका पालकाची तक्रार आली, मला लेखी खुलासा द्यावा लागला. "पुस्तकात चित्र आहे की," म्हणे. चित्रातलं टोपण सुटतं का हो? आणि हेच हेडसर कुणाच्या घरी जेवायला गेले की नळी मागून घ्यायचे.

व्हिनेगरमध्ये हाड मऊ करायचा प्रयोग मात्र यासाठी नको. त्यात क्षार विरघळून जातात, हाड कशाचं बनलंय ते कळतं. वाढ कुठे दिसते?

हां, शाकाहारी घरांतली मुलं असतील तर आधी विचारा. त्यांच्यासाठी जुने एक्सरे मागवा, एक लहान मुलाच्या हाताचा, एक मोठ्या माणसाचा. (मुद्दाम एक्सरे काढू नका.) लहानाच्या बोटांच्या हाडांत टोकापाशी काळी फट दिसते. कूर्चा एक्सरेत उमटत नाही, म्हणून ती फट. मोठ्याच्या हातात ती बुजलेली असते. मुलींची साधारण मुलांच्या आधी बुजते. दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला शेजारी शेजारी चिकटवा आणि फरक मुलांनाच शोधू द्या. याला आमचे हेडसरही काही म्हणाले नसते. म्हणाले असते म्हणा, खिडकी कशाला झाकली.