दिशा ठरवण्याआधी

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून मला सॉफ्टवेअर क्षेत्रात यायचे आहे. पायथन आणि वेब डेव्हलपमेंटचे ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केले, डेटा सायन्सचा निम्मा झाला. शिकताना सारे समजते; पण कोरी फाइल उघडली की हात चालत नाही. मी कोणती दिशा निवडावी?

उत्तर : दिशेचा निर्णय तूर्त लांबणीवर पडला तरी बिघडणार नाही, आधी हात का चालत नाही, ते पाहायला हवे. अभ्यासक्रमातील उदाहरणांमधले खाचखळगे शिकवणाऱ्याने आधीच बुजवलेले असतात, त्यामुळे अडल्यावर वाट काढण्याचा सराव, जो या व्यवसायाचा मोठा भाग आहे, तुम्हाला मिळालेलाच नाही.

म्हणून एकच छोटे काम अथपासून इतिपर्यंत करावे. तुम्हाला हिशेब कळतो, तेव्हा जमाखर्चाच्या नोंदी डेटाबेसमध्ये साठवून महिनावार बेरीज ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्राम लिहा. पहिल्याच टप्प्यावर एक गंमत दिसेल : पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 येते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त 0 आणि 1 या अंकांच्या) पद्धतीत तंतोतंत मांडता येत नाहीत. हिशेबात असा फरक खपत नाही, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. म्हणजे ज्या शिक्षणाला तुम्ही बहुधा उणे समजता, तेच येथे उपयोगी पडते. त्यावर उपाय म्हणून पायथनमधील डेसिमल हा दशमान संख्यांचा प्रकार वापरावा किंवा रक्कम सर्वांत लहान एककाच्या, म्हणजे पैशांच्या, पूर्णांकात साठवावी.

एरर आली की संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी, कारण चूक कोणत्या प्रकारची आहे, हे पायथन तेथे सांगतो. चॅटबॉटकडून तयार कोड घेण्यापूर्वी स्वतःचा तर्क कागदावर मांडावा. कामाचा प्रत्येक टप्पा कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये नोंदवावा. 2005 मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या विकासासाठी तयार झालेले हे साधन आज बहुतेक ठिकाणी वापरात आहे. डेटाबेसमधील माहिती हाताळण्याची भाषा असलेल्या एसक्यूएलचा पाया मात्र नीट घालावा. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीवर, ती भाषा उभी आहे आणि पुढे कोणतीही शाखा घेतली तरी ती वाया जात नाही.

हे काम करताना पडद्याची मांडणी, डेटाबेसची रचना की आकड्यांचे विश्लेषण, यांपैकी कशात तुम्ही आपणहून रेंगाळता, ते पाहून दिशा ठरवावी. डेटा सायन्सचा उरलेला भाग संख्याशास्त्राची उजळणी झाल्यावरच हाती घ्यावा.