जिगोकुदानीची माकडं : आईला आणि लेकाला घेऊन जाता येईल का?

जानेवारीत चौसष्ट वर्षांची आई आणि सात वर्षांचा मुलगा सोबत असताना टोकियोहून जिगोकुदानी (जपानच्या नागानो भागातलं, गरम कुंडात बसणाऱ्या माकडांचं पार्क) एका दिवसात होईल का, आणि माकडं नक्की पाण्यात बसलेली दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. मी टोकियोत राहतो, आजवर चारदा जाऊन आलोय. जरूर जा, पण एका दिवसात उरकू नका.

नागानोपर्यंत शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण दीड तास, पुढे बसने पाऊण तास. खरा प्रश्न त्यानंतरचा. बस सोडते त्या कानबायाशीपासून जंगलातून १.६ किलोमीटर पायवाट आहे. वाट बरीचशी सपाट आहे, पण जानेवारीत बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि शेवटी पायऱ्या लागतात. आईंचे गुडघे ठीक असतील तर पाऊण तास धरा. साधे स्पोर्ट्स शूज अजिबात नकोत. वाटेच्या सुरुवातीला बर्फाचे बूट भाड्याने मिळतात, तिथे कंजूषपणा करू नका. हिवाळ्यात पार्क ९ ते ४ उघडं असतं. सकाळी लवकर पोचलात तर गर्दी कमी.

आता खात्रीचं. ही पाळलेली माकडं नाहीत. रात्री ती डोंगरात झाडांवर झोपतात, सकाळी दरीत उतरतात. कुंपण नाही, त्यामुळे ती पाण्यात दिसतीलच अशी हमी देता येत नाही. पूर्वी ती खालच्या गावातल्या सफरचंदाच्या बागांत घुसायची, शेतकरी वैतागले होते. मग दरीतच त्यांना खाणं द्यायला सुरुवात झाली आणि १९६४ मध्ये पार्क उघडलं. जवळच्या धर्मशाळेवजा सरायीच्या गरम कुंडात माकडं उतरू लागली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं कुंड बांधलं. म्हणजे अंघोळ ही त्यांची जन्मजात सवय नव्हे, एकमेकांचं बघून शिकलेली गोष्ट आहे. आणि थंडी जितकी कडक तितकी ती पाण्यात जास्त. जानेवारी-फेब्रुवारी त्यासाठी सर्वांत चांगला काळ. क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ माद्यांची विष्ठा तपासली, तेव्हा अंघोळीच्या आठवड्यांत ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. कळपात वरचा मान असलेल्या माद्या पाण्यात जास्त वेळ बसतात, हेही त्यात दिसलं. अर्धा तास शांत उभं राहिलात तर हा मानपान तुम्हालाही दिसेल : एखादी थोराड मादी आली की कडेची तरुण मादी निमूट सरकते.

कुंड फोटोत वाटतं त्यापेक्षा लहान आहे, हे आधीच सांगतो. पण गेल्या वेळी माझ्यापासून चार हातांवर एक आई बसली होती. डोक्यावर बर्फाचा थर, पापण्यांवर थेंब, तोंड लालबुंद. कुशीतल्या पिल्लाचा कान ती दोन बोटांनी उलगडून आत बघत होती, अगदी आपली आजी नातवाचा कान बघते तशी. पिल्लू डोळे मिटून पेंगत होतं. मी कॅमेरा खाली ठेवला.

मुलाला मात्र आदल्या रात्रीच नीट समजावा. माथेरानला हातातली पिशवी ओढणारी माकडं त्याने पाहिली असतील, तर तो घाबरेल किंवा उलट खाऊ पुढे करेल. इथे दोन्ही नको. हात लावायचा नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, खाऊ तर बाहेरही काढायचा नाही. चिवड्याची पुडी बॅगेत तळाशी ठेवा. पर्यटकांनी खायला घातलं नाही म्हणूनच ही माकडं माणसांच्या पायांमधून निवांत चालत जातात. ती हिसकावून घ्यायला शिकली नाहीत, ती आपल्यामुळे शिकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

मुक्काम युदानाका किंवा शिबू या जवळच्या गरम कुंडांच्या गावांत करा. तिथल्या माणसांच्या कुंडात कपडे घालून उतरत नाहीत, आईंना संकोच वाटेल. काही सरायींत घरच्यांपुरतं वेगळं कुंड मिळतं, त्याला 'काशिकिरी' म्हणतात. खोली ठरवतानाच ते विचारून घ्या, आणि जेवण शाकाहारी हवं असेल तर तेही तेव्हाच सांगा, कारण तिथे साध्या सुपातही माशाचं पाणी असतं.