हकचं मत बदलत नाही, मग बदलतं काय?

प्रश्न : मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'वर 'संघर्ष आणि व्यक्तिरेखेचा विकास' असा प्रश्न आम्हाला येतो. माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध निसर्ग असे प्रकार उदाहरणांसह लिहिले, तरी 'विश्लेषण नाही' असा शेरा मिळाला. काय चुकलं?
– एम. ए.ची विद्यार्थिनी

उत्तर : संघर्षांची वर्गवारी केली म्हणून माणूस कसा घडला ते कळत नाही. ती दोन ओळींत आटपा आणि १५, १६ आणि ३१ ही तीन प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक ठिकाणी हकला काय शिकवलं गेलंय आणि ऐन वेळी तो करतो काय, एवढं टिपून घ्या.

पंधराव्यात, तराफ्यावरून नदीने निघालेला पोरगा हक आणि पळालेला गुलाम जिम यांची धुक्यात ताटातूट होते. परतल्यावर हक जिमला पटवतो की ते सगळं स्वप्न होतं. तराफ्यावरचा पालापाचोळा पाहून जिमला थट्टा कळते आणि तो दुखावतो. एका गुलामाची माफी मागायला मनाची तयारी करण्यात हकची पंधरा मिनिटं जातात. ही पंधरा मिनिटं उत्तरात यायलाच हवीत.

सोळाव्यावर जास्त वेळ द्या. आपली मुलं मालकाकडून चोरून आणीन, असं जिम म्हणतो आणि हक हादरतो : ज्या मालकाने आपलं काही वाकडं केलं नाही, त्याची मालमत्ता चोरायची! जिमला पकडून द्यायचं ठरवूनच तो छोट्या होडीतून निघतो. वाटेत पळालेले गुलाम शोधणारे दोन बंदूकधारी भेटतात. तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, असं ते विचारतात. हक म्हणतो, गोरा. मग 'बाबा आजारी आहेत, तराफा ओढायला या' अशी गळ घालतो. देवीच्या रोगाचं नाव तो स्वतः काढत नाही, तेच घाबरून तर्क करतात आणि वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी फळीवरून सोडून निघून जातात. (पुढे स्वतःला 'राजा' म्हणवणारा भामटा जिमला चाळीस डॉलरलाच विकतो. हा आकडा नजरेतून सुटू देऊ नका.) आणि एवढं करून हक खजील होतो, जिमला वाचवलं म्हणून!

एकतिसाव्यात जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र तो जिमच्या मालकिणीला, मिस वॉटसनला लिहितो. पाप धुऊन निघाल्यासारखं वाटतं. मग हकची झोप मोडू नये म्हणून दुप्पट पहारा देणारा जिम आठवतो आणि नरकात जायचं कबूल करून तो पत्र फाडतो.

इथे बहुतेक उत्तरपत्रिका घसरतात. 'गुलामगिरी वाईट असते हे हकला उमगतं', असं लिहितात. कादंबरीत तसं कुठेही नाही. समाजाने शिकवलेलं पाप-पुण्य त्याला शेवटपर्यंत खरंच वाटतं. बदलते ती त्याची कृती, आणि तिच्यासाठी किंमत मोजायची तयारी. ट्वेनची खरी ताकद मला इथे दिसते.

प्रश्न : मग फेल्प्सच्या शेतावरचा शेवट या विकासात कसा बसवायचा?

उत्तर : ओढूनताणून बसवू नका. तिथे कैदेत असलेल्या जिमला सोडवण्याच्या, मित्र टॉम सॉयरच्या खेळात हक पुन्हा मागे सरतो आणि मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केलेलं असतं, ते टॉमला ठाऊक असतं. हा भाग कच्चा आहे, असं बेधडक लिहा. मात्र ३३वं प्रकरण पुरावा म्हणून जरूर वापरा. जिमला पळवायच्या कामात टॉम मदतीला तयार होताच, चांगल्या घरातला मुलगा हे पाप करतोय म्हणून हक चक्रावतो. ४२व्यात मृत्युपत्राची गोष्ट कळल्यावर त्याचं कोडं सुटतं : टॉमसारख्या संस्कारी मुलाने गुलामाला सोडवायला हात कसा लावला, ते त्याला आता समजतं.