मी स्वतः मानसिक आजाराच्या गोळ्या घेते. सरकारी मानसिक आरोग्य सेवेत नोकरी करावी का? तिथे बाकीच्यांसारखीच वागणूक मिळेल का?

तुमचं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालंय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सोशल वर्करची जागा निघालीय आणि दोन वर्षांपासून तुमची औषधं चालू आहेत, असं तुम्ही लिहिलंय. अर्ज करा. वागणुकीचं मात्र एका शब्दात सांगता येत नाही.

मी याच कार्यक्रमात नऊ वर्षं काढली. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार. त्यासाठी लिथियमच्या गोळ्या घेते. लागले तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं ते असं: लिथियम घेणाऱ्याला दर काही महिन्यांनी रक्तातलं त्याचं प्रमाण बघावं लागतं आणि रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचं असतं. म्हणजे ऐन ओपीडीच्या वेळेला. एकदा बाहेर जायला जमेना म्हणून आमच्याच लॅबमध्ये दिलं. चिठ्ठीवर माझं नाव, खाली 'सिरम लिथियम'. दुपारपर्यंत सगळ्या ओपीडीला ठाऊक.

कुणी वाईट बोललं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. मी जरा मोठ्याने हसले की कुणीतरी डॉक्टरांकडे बघायचं. फिरतीला गाडी मिळत नाही म्हणून मी मीटिंगमध्ये भांडायचे, ती माझी जुनी सवय. पण त्या महिन्यात भांडले तर सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, गोळी घेतली ना?" हीच आमची टीम दिवसभर गावोगाव सांगत फिरते की हा आजार बीपी-शुगरसारखाच आहे, लाजायचं काही कारण नाही.

आता कायद्याचं. मला हे फार उशिरा कळलं म्हणून सविस्तर लिहिते. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये जे 21 प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार येतो. सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून जास्त दिव्यांगता असलेले अशा सगळ्यांना मिळून. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि गोळ्यांवर नीट चाललेल्या माणसाला ते सहसा मिळत नाही. मलाही मिळालं नाही. पण बऱ्याच जणांचा इथे घोळ होतो. 40 टक्क्यांची अट आरक्षणाला आहे. भेदभाव करायचा नाही आणि कामात वाजवी सोय करून द्यायची, हे कलम 20 मधलं बंधन तेवढ्यावर अडत नाही. आजार मात्र दीर्घकाळचा असावा लागतो. नोकरीत असताना आजार झाला म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असं म्हटलं, की मानसिक आजारातून घडलेल्या वागण्यासाठी शिस्तभंगाची कारवाई चालवणं हाही अप्रत्यक्ष भेदभावच आहे. आणि लॅबच्या चिठ्ठीसारखी गोष्ट घडली, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 23 गोपनीयतेबद्दल आहे. तो कायदा आमच्या ऑफिसात भिंतीवर लावलेला होता. रुग्णांसाठी.

कागदावर एवढं सगळं आहे, पण प्रत्यक्षात उपयोगी पडली ती एक अर्ध्या पानाची चिठ्ठी. सहानुभूती मागू नका, नेमकी गोष्ट मागा. मी लिहिलं होतं: "तीन महिन्यांतून एकदा सकाळी दोन तास उशिरा येईन, ते संध्याकाळी भरून देईन. सलग दोन दिवस मुक्कामाची फिरती नको, कारण झोप मोडली की आजार उलटतो." आजाराचं नाव घातलं नाही, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. तोंडी सांगितलं असतं तर वर्षभर "बघू" चाललं असतं. आवक नंबर घेऊन एक प्रत जवळ ठेवा.

कुणाला सांगायचं? फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खोटं लिहू नका, पुढे तेच अंगाशी येतं. विचारलंच नसेल तर आपणहून पाटी लावू नका. टीममध्ये एकाच माणसाला सांगा, ज्याला तुमची झोप बिघडलेली चेहऱ्यावरून कळेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते, कारण तुम्हाला आजारापेक्षा तीच जास्त नडेल: कंत्राट. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग नवी ऑर्डर. कायम सिस्टर आणि कंत्राटी सिस्टर एकाच टेबलावर तेच काम करतात आणि पगार विचारला की दोघी वेगवेगळ्या दिशेला बघतात. ऑर्डर रिन्यू व्हायची असते तेव्हा समानतेचं कलम दाखवायला कुणाची जीभ उचलत नाही. मी माझी चिठ्ठी मुद्दाम नवी ऑर्डर हातात पडल्यावर आठव्या दिवशी दिली. याला लबाडी म्हणा हवं तर.

आणि अटेंडंट. आमच्या वॉर्डात चिडलेल्या रुग्णाला धरायला नेहमी त्याच दोघा पुरुषांना बोलवायचे. बायकांच्या नि मुलांच्या सगळ्या केसेस मात्र न विचारता माझ्या टेबलावर. त्यातल्या एकाच्या मनगटाला रुग्ण कडकडून चावला होता. पट्टी झाली, इंजेक्शन झालं, पण रजिस्टरमध्ये नोंद नाही, कारण "त्यांचं कामच आहे ते". पुढे दोन महिने तो रात्रपाळी टाळायचा, आणि आम्ही सगळे मानसिक आरोग्याचे जाणकार त्याला कामचुकार म्हणत होतो. मीसुद्धा.

इंटरव्ह्यूत "या क्षेत्रात का यायचंय" हे विचारतात. मी "समाजसेवेची आवड" म्हणाले होते. समोर सहा जण होते, एकानेही मान वर केली नाही. तुम्ही निदान यापेक्षा बरं काहीतरी तयार ठेवा. आणि आदल्या रात्री झोप पुरी करा.