म्युनिकला पीएचडीला यायचंय? आधी मुलीची इयत्ता सांगा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवता, प्राध्यापकपदाची सेट परीक्षा झालेली आहे, वय ३५, पत्नी सहकारी बँकेत, मुलगी तिसरीत. म्युनिकला उद्योजकतेवर पीएचडी करायची आहे, तर कुठून सुरुवात करावी? ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं), व्हिसाची अपॉइंटमेंट वगैरे दूतावासाच्या पानावर सगळं आहे, ते लिहीत नाही. जे तिथे नाही ते लिहिते. लांबेल.

तुमचा प्रस्ताव वाचला. पुणे जिल्ह्यातल्या लघुउद्योजकांच्या समस्या व संधी, २०० जणांची प्रश्नावली, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच अंशी श्रेणी, एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, काय-स्क्वेअर ही सांख्यिकी चाचणी. असा प्रस्ताव इथे पहिल्या पानावरच बाजूला पडतो. भाषा साधी आहे म्हणून नव्हे. तुम्ही ज्यांना भेटणार ते टिकलेले उद्योजक. ज्याचा धंदा बुडाला तो भोसरीतला गाळा रिकामा करून गेलेला असतो, तो तुमची प्रश्नावली भरायला सापडतच नाही. मग टिकलेल्यांचे गुण मोजून त्यांनाच यशाची कारणं म्हणायची, हा पहिला दोष. दुसरा असा की ‘मी धोका पत्करतो’ आणि ‘माझा धंदा उत्तम चालतो’ ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाने एकाच दहा मिनिटांत दिलेली असतात. त्यातून जो सहसंबंध निघतो त्यात त्या दिवशीचा मूडच जास्त असतो.

विषय बदलू नका, विदा, म्हणजे डेटा, बदला. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा क्रमांक असतो. पहिलं अक्षर ती शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग एमएचसारखी राज्याची दोन अक्षरं, चार अंकी स्थापना वर्ष, कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरं आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. सोबत कंपनी चालू आहे की यादीतून काढलेली, ही स्थिती. म्हणजे जन्म आणि मरण दोन्ही हाताशी, आणि बुडालेलेही नमुन्यात आले.

पण यात दोन खड्डे आहेत आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. २०१७ मध्ये सरकारने २ लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्या एका झटक्यात यादीतून काढल्या. त्या वर्षी धंदे बुडण्याची लाट आली असं लिहिलंत तर हसं होईल. त्यातल्या कित्येक आधीच मेलेल्या होत्या, दाखला त्या वर्षी निघाला इतकंच. दुसरा खड्डा उद्योगाच्या पाच अंकांचा. जुन्या क्रमांकांत २००४ चं वर्गीकरण आहे आणि त्यात ७२ म्हणजे संगणक सेवा. २००८ च्या वर्गीकरणात संगणक प्रोग्रामिंग ६२ वर गेलं आणि ७२ झालं वैज्ञानिक संशोधन. न जुळवता रकाना वापरलात तर हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्या संशोधन संस्था होऊन बसतात. हा एक परिच्छेद प्रस्तावात घाला. तुम्ही विदेत हात घातलाय हे प्राध्यापकाला कळायला तेवढं पुरतं. कंपनी नसलेल्या छोट्या धंद्यांसाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ६७ वी आणि ७३ वी फेरी आहे, त्यांची एककनिहाय, म्हणजे एकेका धंद्याची वेगळी, विदा सांख्यिकी मंत्रालयाकडून मिळते.

आता विभाग. इथे अर्थशास्त्र वेगळं आणि व्यवसाय प्रशासन वेगळं, दोन्हींचे दरवाजेही वेगळे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शाळांत पहिलं वर्ष सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स) यांतच जातं. तिथे एम.कॉम.चं गणित पुरत नाही, उगाच अर्जात वेळ घालवू नका. उद्योजकता बहुतेक ठिकाणी व्यवसाय प्रशासनात, एखाद्या प्राध्यापकाच्या खुर्चीखाली, म्हणजे त्याच्या अध्यासनात, असते. तिथे प्रवेश देतो तो प्रवेश विभाग नव्हे, ती एक व्यक्ती. म्हणून सरसकट ४० जणांना एकच ईमेल न पाठवता सहा जणांना सहा वेगळी पत्रं लिहा.

टक्केवारीने दचकू नका. भारतीय गुण इथे सूत्राने बदलतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण यांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. तुमचे ६२ टक्के, उत्तीर्ण ४०: ३८ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.९. इथे १ उत्तम आणि ४ काठावर पास. कॉमर्सला १०० पैकी १०० कुणाला पडत नाहीत हे सूत्राला ठाऊक नसतं. तुमच्या परीक्षेत तुमचा क्रमांक कितवा होता हे विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

पैशांचं बोलू. ‘जागा मिळाली’ म्हणजे काय मिळालं ते विचारा. नोकरीचं कंत्राट असेल तर ई-१३ ही सरकारी वेतनश्रेणी, २०२५ च्या तक्त्यात सुरुवातीला पूर्ण वेळेचे महिन्याला, कर कापण्याआधी, सुमारे ४,७५० युरो. पण पूर्ण वेळ क्वचितच देतात. अर्धी जागा दिली तर, पत्नी कमावत नसताना, कर आणि विमा कापून हातात १,८५० च्या आसपास येतात. म्युनिकमध्ये दोन खोल्या १,४०० च्या खाली मिळाल्या तर नशीब. कुटुंब घेऊन अर्ध्या जागेवर येऊ नका. ७५ टक्के मागा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर आनंद करण्याआधी विमा पाहा: कंत्राटावर बायको-मुलगी तुमच्या सरकारी विम्यात फुकट येतात, शिष्यवृत्तीवर विमा स्वतःच्या खिशातून, शिवाय पेन्शनची वर्षंही जमत नाहीत.

नावाचा घोळ इथून निस्तरा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. तुमच्या पत्नीचं पदवीवर माहेरचं, बँकेत सासरचं. इथल्या कारकुनाच्या मते ही चार माणसं असतात. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि त्याचं जर्मन भाषांतर सोबत आणा. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामा असेल तर महापालिकेत जाऊन भरून घ्या. आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीची हरकत आहे, तो शिक्का इथे चालत नाही. कार्यालयाने आग्रह धरलाच तर कागदाची प्रत्यक्ष पडताळणी होते, तिला महिने लागतात.

एकटेपणाबद्दल विचारलंत. नोव्हेंबरात येतो, मार्चमध्ये जातो. त्याची तयारी करण्यात वेळ घालवू नका.

शाळेबद्दल मात्र तुम्ही काहीच विचारलं नाही, आणि मी हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या अखेरीस, मे महिन्यात, मुलाच्या हातात एक दाखला पडतो. जर्मन, गणित आणि आपल्याकडच्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे कमी, असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट. २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे मधली वाट. त्यापुढे मिट्टेलशूले, म्हणजे कामधंद्याकडे नेणारी शाळा. मूल तेव्हा नऊ-दहा वर्षांचं असतं. नंतर वर चढता येतं असं सगळे सांगतात. येतं, पण ते दोन-तीन वळणं घेऊन, आणि दर वळणावर तुम्हालाच ढकलावं लागतं. परिसर अभ्यासाचा पेपरही जर्मनमध्येच असतो, म्हणजे तीनपैकी दोन विषय भाषेचेच झाले.

आता जे कुणी आपणहून सांगत नाही ते. ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हतं, त्याची सरासरी जर्मनच्या कच्चेपणामुळे घसरली असेल तर ३.३३ पर्यंत सवलत देता येते. देता येते. तुम्ही विषय काढला तर. शिवाय तीन दिवसांचा चाचणी वर्ग असतो, त्यात जर्मन आणि गणितापैकी एकात ३ आणि दुसऱ्यात ४ मिळाले तरी प्रवेश. मला हे दोन्ही कळलं तेव्हा जून संपत आला होता. नियमच्या नियम तोंडपाठ असलेली, लोकांना विदेतले खड्डे दाखवणारी बाई घरातला एक तक्ता वाचायला चुकली. यावर अजूनही घरात बोलणं टळतं.

माझ्या कामाचं म्हणाल तर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं तात्पुरत्या कंत्राटांची मुभा कायदा देतो, लहान मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात. ती बारा वर्षं मी बोटांवर मोजते. तुमचा प्रबंध बहुधा तीन लेखांचा असेल, एका चांगल्या नियतकालिकात एक लेख परीक्षणाच्या दोन फेऱ्यांतून बाहेर पडायला दोन वर्षं सहज जातात आणि पहिलं कंत्राट बहुधा तीन वर्षांचं. हे गणित तुम्हाला जमतं, जागा हवी म्हणून कुणी करत नाही एवढंच.

तेव्हा असं करा. इथलं शालेय वर्ष सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतं. येत्या सप्टेंबरात येणं जमत असेल तर वयाने चौथीत बसत असली तरी मुलीला तिसरीत घ्या असं मुख्याध्यापकांकडे लेखी मागा, म्हणजे त्या मे महिन्याआधी जर्मनला जवळपास दोन वर्षं मिळतील. तिचा जर्मनचा क्लास पुण्यात आजपासून लावा, तुमचा नंतर लावला तरी चालेल, तुमचं काम इंग्रजीत भागेल. जमत नसेल तर पहिलं वर्ष एकटे या. प्राध्यापकाकडून होकार आला की कंत्राट ऑक्टोबरऐवजी जानेवारीपासून धरता येईल का हेही विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. प्रस्तावाचा नवा मसुदा झाला की पाठवा, त्यातला उद्योग क्रमांकाचा रकाना मी तपासून देईन.