पहिल्या उपवासकाळात वचन कसं धरावं

भाऊ, राखेच्या बुधवारपासून तुझा ईस्टरआधीचा पहिलाच उपवासकाळ सुरू होतोय, म्हणून सांगतो. रविवार सोडून 40 दिवस. एवढ्यात सगळं पवित्र शास्त्र वाचून काढायच्या मागं लागू नको.

आधी मत्तयाचा चौथा अध्याय घे. उपाशी येशू सैतानाला तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या वचनानंच उत्तर देतो. पण सैतानही वचनच बोलतो, 91 व्या स्तोत्रातलं! मला हा भाग फार मोलाचा वाटतो. मागचं-पुढचं सोडून एखादी ओळ पुढं करून कुणी म्हणालं, 'विश्वास असेल तर औषध बंद कर', तर मुळीच ऐकू नको. देवाची परीक्षा पाहू नये, हे येशूनं तिथंच सांगितलंय.

सध्या हरभरा सोंगायचे दिवस. उन्हात उपाशीपोटी राबून भोवळ आणू नको. एक वेळ नीट जेव, तंबाखूचा खर्रा मात्र सोड. त्या पैशाचं काय करायचं ते यशयाच्या 58 व्या अध्यायात आहे: भुकेल्याला भाकर. धुऱ्यापलीकडचं घर कर्जानं पिचलं असेल तर पायलीभर ज्वारी गुपचूप नेऊन दे.

आणि प्रार्थना करूनही कापसाला भाव मिळाला नाही, मन खचलं, तर 13 वं स्तोत्र मोठ्यानं म्हण. 'कुठवर, देवा?' असं विचारायची मुभा शास्त्रातच आहे. रात्री एकच ओळ वहीत उतरव, सकाळी वावरात जाताना तीच घोळव. अडलं तर रविवारी उपासनेनंतर थांब, मिळून वाचू.