लेन्स बसली, पण चालेल का?

प्रश्न: मामांनी त्यांची जुनी निकॉनची ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स मला दिली. माझा कॅमेराही निकॉनचाच आहे, डी५६००. लेन्स नीट बसते, पण ऑटोफोकस होत नाही आणि कधी कधी तर शटरच दबत नाही. लेन्स बिघडली आहे का?

उत्तर: अजिबात नाही. मामांना तसं कळवून टाका, नाहीतर बिचारे उगाच ओशाळतील.

या लेन्समध्ये फोकसची मोटर नसतेच. लेन्स काढून तिच्या मागच्या धातूच्या कड्याकडे बघा. एके ठिकाणी खाच असलेला बारीकसा स्क्रू दिसेल. ज्या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, मोटर असते, तिच्या माउंटमधून (लेन्स बसते त्या कड्यातून) एक छोटं पातं बाहेर डोकावतं, त्या खाचेत अडकतं आणि लेन्स फिरवतं. डी७२००, डी७५००, डी७५० या बॉडींमध्ये ते आहे. डी३००० आणि डी५००० मालिकांमध्ये निकॉनने ते दिलंच नाही. तुमच्या कॅमेऱ्याला फोकस करायचा आहे, पण हात नाहीत.

शटर न दबण्याचं कारण मात्र वेगळं आहे. लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, रिंग आहे ना, तिच्यावरचा २२ हा आकडा नारिंगी आहे. रिंग तिथे नेऊन शेजारचं छोटं लॉक सरकवा. ते सुटलं की व्ह्यूफाइंडरमध्ये ‘एफईई’ अशी अक्षरं लुकलुकतात आणि कॅमेरा हटून बसतो. २२ वर लॉक केलंत म्हणजे फोटो एफ/२२ वरच निघतील असं नाही. ॲपर्चर नेहमीसारखं कॅमेऱ्यावरूनच बदलायचं.

फोकस हातानेच करावा लागेल. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला. बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटसाठी हे झकास चालतं, धावत्या पोरांसाठी नाही. त्यासाठी स्वतःची मोटर असलेली एएफ-एस ५० एमएम एफ/१.८ जी घ्या. आणि ‘त्यापेक्षा झेड मालिकेतला आरशाशिवायचा, मिररलेस कॅमेराच घेतो’ असं मनात असेल तर जरा थांबा. जुन्या लेन्स झेडवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्येही (जोडकड्यातही) ती मोटर नाही. मामांची लेन्स तिथेही हातानेच फिरवावी लागेल.

प्रश्न: माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर, मैत्रिणीकडे कॅननचा. ती ॲडॅप्टर लावून माझ्या लेन्स वापरते. मला मात्र दुकानदार म्हणाला, तिच्या ईएफ लेन्स तुमच्यावर चालणार नाहीत. असा दुजाभाव का?

उत्तर: दुकानदार बरोबर सांगतोय, आणि असा दुकानदार हातचा सोडू नका.

माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं. निकॉन एफचं ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफचं ४४. तुमची लेन्स कॅननवर लावताना अडीच मिलिमीटर जागा उरते, त्यात ॲडॅप्टरची पातळ कडी मावते. उलट बाजूने हिशेब जमत नाही. मैत्रिणीच्या लेन्सला सेन्सर ४४ वर हवा, आणि तुमच्या कॅमेऱ्याचं कडंच ४६.५ वर. वर ॲडॅप्टरची जाडी. लेन्स सेन्सरपासून जितकी लांब जाईल तितका तिचा फोकस जवळ येतो, म्हणून टेबलावरचं फूल स्पष्ट येईल पण समोरचा डोंगर कधीच येणार नाही. काही ॲडॅप्टरमध्ये यावर उपाय म्हणून भिंग घातलेलं असतं. चांगल्या लेन्समागे सुमार काच लावायची असेल तर ती लेन्स घेतली कशाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिररलेसमध्ये आरसा गेला आणि हे अंतर एकदम घटलं: कॅनन आरएफ २० मिलिमीटर, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६. त्यामुळे जवळपास कुठलीही डीएसएलआर लेन्स नळीसारखा ॲडॅप्टर लावून त्यांच्यावर बसते. सोनी ई आणि निकॉन झेड यांच्यात फरक अवघा दोन मिलिमीटरचा, तरी तेवढ्यात मावणारे ॲडॅप्टर मिळतात. अर्थात सोनीची लेन्स निकॉनवर. उलटं नाही.

प्रश्न: सोनी मिररलेसवर कॅननची ईएफ ५० एमएम स्वस्तातल्या ॲडॅप्टरने लावली. प्रत्येक फोटो एफ/१.८ वरच निघतो. ॲपर्चर बदलायचं कुठून?

उत्तर: कुठूनच नाही. ईएफ माउंट १९८७ साली आला तेव्हाच कॅननने ॲपर्चरची रिंगही काढली आणि ते हलवणारी दांडीही. छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्या हलतात त्या फक्त विजेच्या इशाऱ्यावर. तुमच्या ॲडॅप्टरच्या आतल्या कडेला सोनेरी ठिपक्यांची रांग आहे का बघा. नसेल तर ती नुसती नळी आहे, कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलूच शकत नाहीत.

एक जुनी युक्ती आहे. लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर लावा, एफ/८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि कॅमेरा चालू असतानाच लेन्स फिरवून काढा. पाकळ्या एफ/८ वरच राहतात. गंमत म्हणून ठीक, रोज कोण करणार? ते सोनेरी संपर्कबिंदू असलेला ॲडॅप्टर घ्या, पण घेण्याआधी स्वतःच्या लेन्सवर लावून बघा. दुकानाच्या लख्ख उजेडात सगळेच फोकस करतात. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या कपाटावर रोखा, सलग फोटो काढा, मग कळेल. फर्मवेअर अपडेट करता येतं का, तेही विचारा.

निकॉनच्या जी (ॲपर्चरची रिंग नसलेल्या) लेन्सचं बरं आहे. तिथे पाकळ्या दांडीने हलतात, म्हणून साध्या ॲडॅप्टरवरची रिंगही काम करते. फक्त तिच्यावर आकडे नसतात, अंदाजाने फिरवायची.

प्रश्न: जुनी १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, बॉडीवर लावू का?

उत्तर: कॅनन डीएसएलआर असेल तर नको. लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्सवर पांढरा चौकोन असतो, फुल-फ्रेम बॉडीवर नुसता लाल ठिपका. जुळत नाही म्हणजे नाही, जोर लावू नका. कॅननच्या आर मालिकेवर त्यांच्याच ॲडॅप्टरने बसते. निकॉनची डीएक्स (लहान सेन्सरची) लेन्स एफएक्स (फुल-फ्रेम) बॉडीवर थेट बसते. पण दोन्हीकडे कॅमेरा मधलाच भाग घेतो. निकॉनच्या २४ मेगापिक्सेलमधले साधारण १० हाती लागतात.

प्रश्न: हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स एम४२ (आट्यांनी फिरवून बसवायच्या माउंटच्या) ॲडॅप्टरने मिररलेसवर लावली तर कॅमेरा ‘लेन्स नाही’ म्हणतो.

उत्तर: मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू करण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ ५८ भरा, नाहीतर ते चुकीच्या मापाने सावरत बसेल. या लेन्सला ॲपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एकीने आकडा ठरवायचा, दुसरीने पाकळ्या मिटायच्या, म्हणून साधा ॲडॅप्टर पुरतो. पुढे दुसरी एम४२ लेन्स घ्याल तेव्हा मागे बारीक पिन आहे का ते बघा. असेल, आणि लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका नसेल, तर ती पिन दाबून धरणारा, आतून पट्टी असलेला ॲडॅप्टर मागा.